चितळांच्या लेंड्या आणि शेळ्यांचे जंत

प्रश्न : आमचे गाव ताडोबाच्या बफर क्षेत्रात आहे. चितळांचा कळप रात्री पडीत बसतो, सकाळी लेंड्यांचा सडा असतो. तिथेच आमच्या शेळ्या चरतात. दोन शेळ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरले, एक दगावली. जंत चितळांकडून आले का? दर महिन्याला औषध पाजावे का?

उत्तर : जबड्याखाली पाणी उतरण्यामागे ओल-उबेच्या दिवसांत बहुतेक वेळा हिमोंकस हा रक्तपित्या जंत असतो. तो आतड्यात नाही, चौथ्या पोटात राहतो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलि रक्त खातो. हजार जंत झाले तर रोज ५० मिलि गेले, आणि २० किलोच्या शेळीत रक्त असते जेमतेम दीड लिटर. यात जुलाब होतातच असे नाही. लेंडी घट्ट, चारा-पाणी चालू, म्हणून मालक निश्चिंत राहतो आणि शेळी एका सकाळी उठत नाही. खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालबुंद असेल तर ठीक, फिकट गुलाबी असेल तर सावध व्हा, पांढरी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता चितळांचे. हिमोंकस चितळातही होतो, शेळीतही. पण देवाणघेवाण दोन्हीकडून चालते, आणि एकाच पडीत रोज चरणाऱ्या तुमच्या शेळ्या तिथे चितळांपेक्षा जास्त अंडी टाकतात. एक मादी जंत दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. ओल आणि ऊब मिळाली की आठवडाभरात अळी तयार होऊन दवाच्या थेंबातून गवतावर चढते. म्हणून दव असताना शेळ्या सोडू नका, ऊन चढल्यावर सोडा. गवत अगदी बुडख्यापर्यंत खाऊ देऊ नका, अळ्या खालच्या दोन-तीन इंचांतच जास्त असतात. बाभूळ, बोर, सुबाभळीचा पाला तोडून घातलात तर निम्मे काम होते.

दर महिन्याला सरसकट औषध मुळीच नको. त्याने औषधाला न जुमानणारे जंत तेवढे उरतात. इंग्लंडमध्ये असे जंत रानातल्या ‘रो’ जातीच्या हरणांतही सापडले आहेत. म्हणजे आपण पाजलेल्या औषधाचा हिशेब रानापर्यंत जातो. चार-पाच शेळ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या स्वच्छ पिशव्यांत, हवा काढून, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. औषध वजनावर द्यावे लागते, ‘एक झाकण’ हे माप नव्हे. अल्बेंडाझोल हे जंतनाशक गाभण शेळीला पहिल्या महिन्यात देऊ नका. पाजल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा लेंडी तपासली तर औषध लागू पडले की नाही ते कळते. हे फार थोडे जण करतात.

बोडीच्या (छोट्या तळ्याच्या) किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठावर चरणाऱ्या जनावरांना दुर्गंधीचे पातळ जुलाब होत असतील तर प्रकरण वेगळे. ते गोगलगायीतून येणारे चपटे कृमी, त्यांवर अल्बेंडाझोलचा भरवसा नाही, ऑक्सिक्लोझॅनाइड हे दुसरे औषध लागते. करडांच्या रक्ती जुलाबाचे खापरही चितळांवर फोडू नका. तो कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींमुळे होतो, आणि त्यांच्या जाती ज्याच्या त्याच्या असतात, शेळीची शेळीला. तिथे दोष ओल्या गोठ्याचा.

प्रश्न : एक चितळ हडकलेले, मागून माखलेले दिसते. मिठाच्या ढेपेत जंतनाशक मिसळून नाल्यावर ठेवले तर?

उत्तर : नको. धडधाकट चितळाच्या पोटातही थोडे जंत असतातच. उन्हाळ्यात पाण्यावर गर्दी झाली, चारा आटला की म्हातारी आणि पिल्ले आधी खचतात. ढेप कोण किती चाटणार याला मोजमाप नाही, आणि अपुरी मात्रा सगळ्यात वाईट. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू आहे. वनरक्षकाला कळवा. एकाच जागी दोन-तीन चितळे मरून पडलेली दिसली तर त्यांना हात न लावता लगेच कळवा, आणि तोवर आपली जनावरे त्या पाण्यावर नेऊ नका.

प्रश्न : चितळांच्या लेंड्या सांबार (कोथिंबीर)-मेथीच्या वाफ्यात पडल्या. भाजी चालेल?

उत्तर : चालेल, वाहत्या पाण्यात नीट धुऊन. लेंड्या गोळा करून खताच्या ढिगाच्या मध्यभागी टाका. ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापला की अंडी मरतात. कडेला पडलेल्या लेंड्यांतली मरत नाहीत, म्हणून ढीग एक-दोनदा उलथा.