व्हायरल ट्रेंडचा ब्रँडला खरंच फायदा कसा करून घ्यायचा?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की टीम तिघांची आहे, आठवड्याला दोन-तीन ट्रेंड पकडून रील करता, लाइक येतात आणि पुढे काहीच होत नाही. मी ब्रँडची पेजेस सांभाळण्याचंच काम करतो. मला विचाराल तर तुम्ही फार जास्त ट्रेंड पकडताय. दहातले आठ सोडून द्या.

आणि जे धराल ते वेळेत टाका. एका क्लायंटसाठी आम्ही सोमवारी सकाळी एका गाजत असलेल्या मीमवर पोस्ट केली होती. जमलीही होती छान. मग ती मार्केटिंग हेडकडे गेली, तिथून ब्रँड टीमकडे, मग लीगलकडे, परत येताना ‘लोगो जरा मोठा करा’ घेऊन आली. मंजुरी मिळाली शुक्रवारी संध्याकाळी. तोवर लोक त्या मीमला कंटाळून त्याचीच टिंगल करायला लागले होते. पहिलीच कमेंट पडली, ‘वरातीमागून घोडं’. आमच्याच टीममधल्या एकीने ती लाइक केली, तेही चुकून ब्रँडच्या अकाउंटवरून!

ओरिओचं उदाहरण सगळे देतात. 3 फेब्रुवारी 2013 ला अमेरिकेत सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम लढतीचा, सामना चालू असताना स्टेडियममधली वीज गेली आणि खेळ अर्ध्या तासाहून जास्त वेळ थांबला. तेवढ्यात ओरिओने ट्विट टाकलं: अंधारातही बिस्किट बुडवता येतंच की. लोक त्यातल्या हजरजबाबीपणाचं कौतुक करतात. पण त्या रात्री एजन्सीची माणसं आणि मंजुरी देणारे ब्रँडचे लोक एकत्रच बसले होते, म्हणून ते मिनिटांत जमलं. शिवाय दुधात बुडवून खाणं ही ओरिओची आधीपासूनचीच ओळख. वीज जाणं हे नुसतं निमित्त. तुमच्या पोस्टवरचं नाव झाकून बघा. ती दुसऱ्या कुठल्याही ब्रँडची वाटत असेल तर तो ट्रेंड तुमचा नाही.

हॅशटॅग वापरण्याआधी तो उघडून वाचा. वीस-पंचवीस पोस्ट तरी. 2014 मध्ये डिजॉर्नो या पिझ्झा ब्रँडने ‘मी का थांबले’ अशा अर्थाच्या हॅशटॅगवर ‘पिझ्झा होता म्हणून’ असा विनोद केला. त्या हॅशटॅगखाली बायका घरातली मारहाण का सहन केली ते लिहीत होत्या. ट्विट काढलं, माफी मागितली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता गाण्यांबद्दल, कारण इथेच छोट्या टीम फसतात. ट्रेंडिंग ऑडिओ सगळे वापरतात म्हणून ब्रँडलाही चालतो, असं नसतं. तुमच्या खासगी अकाउंटवर दिसणारी बरीच गाणी बिझनेस अकाउंटवर दिसतच नाहीत, कारण ॲपने घेतलेला परवाना जाहिरातीसाठी नसतो. अकाउंटचा प्रकार ‘बिझनेस’ऐवजी ‘क्रिएटर’ करून गाणं लावायची पळवाट बरेच जण सांगतात. त्याने गाणं दिसायला लागेल, हक्क मिळणार नाही. सोनी म्युझिकने 2024 मध्ये मॅरियट या हॉटेल कंपनीवर परवान्याशिवाय गाणी वापरल्यावरून दावा लावला होता, शेकडो पोस्टचा हिशोब मांडून, आणि त्यात इन्फ्लुएन्सरच्या पोस्टही धरल्या होत्या. नंतर ते मिटलं. तुम्ही मात्र व्यावसायिक वापराला मोकळं असलेलं संगीत घ्या, नाहीतर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. ट्रेंडची कल्पना घेता येते, त्यासाठी तेच गाणं लागतं असं नाही.

कधी कधी ट्रेंड चालून तुमच्याकडे येतो. 2020 मध्ये एका माणसाने स्केटबोर्डवरून जाताना ओशन स्प्रे या कंपनीच्या बाटलीतून ज्यूस पितानाचा व्हिडिओ टाकला आणि तो जगभर पसरला. त्याची गाडी बंद पडली होती म्हणून तो स्केटबोर्डवर होता. कंपनीने त्याला नवी गाडी दिली, आणि कंपनीच्या प्रमुखाने स्वतः तसाच व्हिडिओ केला. जाहिरातीची घाई केली नाही, हे मला फार आवडलं होतं.

तुम्ही तिघं आजच ठरवून टाका की शेवटचा ‘हो’ कोणाचा, आणि तो माणूस रजेवर असेल तर कोणाचा. महिनाभर लाइक मोजू नका. किती जणांनी पोस्ट दुसऱ्याला पाठवली, किती जण प्रोफाइलवर आले आणि कमेंटमध्ये कोणी ‘हे कुठे मिळेल?’ विचारलं का, एवढंच वहीत लिहा.