गिअरबॉक्स आवाज करतोय? आधी क्लच दाबून बघ

मित्रा, लगेच गिअरबॉक्स उतरवायला देऊ नकोस. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, एसी बंद. क्लच सोडलेला असताना खडखड येते आणि दाबला की थांबते? मग आवाज इनपुट शाफ्टच्या (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) बाजूचा. सिंगल-मास फ्लायव्हीलच्या (इंजिनमागचं फिरतं चाक एकसंध असलेल्या) गाड्यांत, म्हणजे पोर्शे ९९७ जीटी३ आरएससारख्या, ही खडखड जन्मजातच असते, डब्यात खडे हलवल्यासारखी. उलट क्लच दाबल्यावरच किरकिर सुरू झाली तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर. पेडर रोडच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून बसायची सवय त्यालाच खाते. सिग्नलला न्यूट्रल करत जा.

रिव्हर्सची सूं-सूं बहुतेकदा सरळ दात्यांच्या गिअरची, सोडून दे.

वेगाबरोबर चढणारी, गिअर बदलला तरी न जाणारी घरघर मात्र तपासायची. (कधीकधी ती व्हील बेअरिंगची निघते! वळणावर आवाज बदलला तर आधी तिकडे बघ.) कोस्टल रोडच्या बोगद्यात काचा खाली कर, भिंतीवर आपटून आलेला आवाज नीट कळतो.

गिअरबॉक्सचं ऑइल काढशील तेव्हा ड्रेन प्लगला (खालच्या बुचाला) मॅग्नेट असेल तर त्यावर बोट फिरव. राखाडी, मऊ लगदा चालतो. टोचणारा तुकडा लागला तर गाडी तिथेच उभी कर. आणि ‘नुसतं ऑइल बदलून बघू’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला विचार, कुठल्या ग्रेडचं?