स्क्रू एकाच दिशेने फिरव

अनेक आशीर्वाद.

ताऱ्यांच्या वर्णपटांच्या जुन्या काचेच्या फोटो-प्लेटा सरळ स्कॅन करून संगणकावर मोजाव्यात, की आधी कंपॅरेटरवर, म्हणजे स्क्रूने प्लेट सरकवत मायक्रोस्कोपमधून रेषांच्या जागा मोजायच्या यंत्रावर, बसावं, असं तू विचारलंस. आधी कंपॅरेटरवर बस. क्रॉसवायर (मायक्रोस्कोपमध्ये दिसणारी खुणेची बारीक तार) स्वतःच्या हाताने रेषेवर आणल्याशिवाय ती रेषा कितपत भरवशाची आहे ते कळत नाही.

थोडा हिशोब कर. तारा सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर 4500 अँगस्ट्रॉमजवळची (अँगस्ट्रॉम म्हणजे तरंगलांबी मोजायचं एकक) रेषा तांबड्याकडे 0.45 अँगस्ट्रॉम सरकते. मिलिमीटरला 20 अँगस्ट्रॉम अशी प्लेट असेल, तर काचेवर हे अंतर 22 मायक्रॉनच्या आसपास भरतं. म्हणजे सेकंदाला एक किलोमीटर वेगाच्या वाट्याला एक मायक्रॉनसुद्धा येत नाही! आता स्क्रूच्या आट्यांत थोडा ‘प्ले’ असतोच. दिशा बदलली की आधी ती ढिलाई भरून निघते, मग प्लेट हलते. स्क्रूच्या ड्रमवरचा, म्हणजे मोजपट्टीच्या चाकावरचा, आकडा मात्र तेवढ्यात पुढे सरकलेला असतो. म्हणून प्रत्येक रेषेवर एकाच बाजूने ये. पुढे गेलीस, तर चांगली मागे जा आणि पुन्हा त्याच बाजूने ये.

दुसरी अडचण डोळ्याची. प्लेट निगेटिव्ह असते, त्यामुळे ताऱ्याच्या शोषणरेषा (जिथे त्याचा प्रकाश शोषला गेला त्या) काळ्या पट्ट्यात उजळ दिसतात आणि वरखाली तुलनेसाठी घेतलेल्या वर्णपटातल्या लोखंडाच्या रेषा काळ्या. उजळ रेषेचा मध्य आणि काळ्या रेषेचा मध्य आपला डोळा सारख्याच ठिकाणी धरेल असं नाही. यावरचा जुना उपाय मला अजूनही फार आवडतो: सगळी मोजणी झाली की प्लेट उलटसुलट फिरवायची, डावं टोक उजवीकडे न्यायचं, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. कंटाळा येतो, पण डोळ्याचा कल बराचसा निघून जातो.

इतकी काळजी घेतलीस, की न जुळणारी रेषा टाकून द्यावीशी वाटणार नाही. जर्मनीतल्या पॉट्सडॅमचे खगोलशास्त्रज्ञ योहानेस हार्टमान यांनी मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी एक, डेल्टा ओरायनिस, याच्या प्लेटा मोजल्या. हा जोडतारा; त्याच्या फेऱ्याबरोबर बाकीच्या रेषा मागेपुढे होत होत्या. कॅल्शियमची ‘के’ नावाची रेषा मात्र हलत नव्हती, आणि ती बारीक, रेखीव होती. त्यांनी ती खोडली नाही. 1904 मध्ये त्यांनी मांडलं, की हा कॅल्शियम ताऱ्यात नसून वाटेतल्या ढगात आहे. ताऱ्यांमधल्या वायूचा शोध असा मोजणीच्या टेबलावर लागला. पुढे 1906 मध्ये त्यांनी स्पेक्ट्रोकंपॅरेटरची माहिती प्रसिद्ध केली. त्यात दोन प्लेटा एकाच मायक्रोस्कोपमधून शेजारीशेजारी दिसतात. एक सरकवून दोन्हींच्या रेषा जुळवायच्या. रेषेमागून रेष मोजण्याचा खटाटोप त्याने खूपच कमी केला.

तू मात्र सुरुवात साध्या कंपॅरेटरवरच कर. यंत्र आणि प्लेट एका तापमानाला आल्याशिवाय हात लावू नकोस. लोखंडाच्या 4383, 4404 आणि 4415 या ठळक रेषा आधी ओळखायला शिक. त्या सापडल्या की त्या भागातल्या बाकीच्या रेषा तक्त्यावरून लावता येतात. पहिल्या प्लेटचे दोन्ही बाजूंचे आकडे, खाडाखोड न करता, मला पाठव.