४३,००० रुपये वाचतात कुठे?

चिंचवडच्या एका वाचकाचं पत्र आहे. नवा फ्लॅट, हातात पगार ८२,०००, गृहकर्जाच्या हप्त्यासह महिन्याचा खर्च ५८,०००, म्युच्युअल फंडाची एसआयपी १०,०००. बचत खात्यात अडीअडचणीसाठी १,४०,०००. सागाचा पलंग, पुस्तकांचं कपाट, अभ्यासाचं टेबल आणि टीव्ही युनिट यांना सुताराने मालासकट १,८५,००० सांगितले. त्यात एकटा पलंग ७२,०००चा. यांचं म्हणणं, व्हिडिओ बघून शिकतो, शनिवार-रविवारी स्वतःच करतो. माल ७८,०००चा, तो बचत खात्यातून. टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत), राऊटर (लाकडात खाचा पाडणारं मशीन), रंधा मशीन वगैरे ६४,०००ची, बारा हप्त्यांत. म्हणजे ४३,००० वाचले. शेवटी एक ओळ आहे: ‘बायको म्हणते, पलंग होईपर्यंत आपला दुसरीतला मुलगा दहावीला जाईल.’

बायकोचं म्हणणं शेवटी बघू. आधी तुमची बेरीज.

मालाचा हिशेब तुम्ही चौरस फुटांवर केलाय. कपाटच घेऊ. सहा फूट उंच, तीन फूट रुंद, फूटभर खोल, दोन बाजू आणि सहा फळ्या. ३० चौरस फूट झाले आणि आठ बाय चारच्या प्लायमध्ये ३२ असतात, म्हणून तुम्ही एकच प्लाय धरलाय. आता तो कागदावर कापून बघा. फूटभर रुंदीच्या चार पट्ट्या निघतात. दोन पट्ट्यांतून बाजू काढल्या की प्रत्येकी दोन फुटांचा तुकडा उरतो. उरलेल्या दोन पट्ट्यांतून तीन फुटांच्या दोन-दोन फळ्या, की पुन्हा दोन फुटांचे तुकडे. फळ्या झाल्या चार. उरलेल्या दोन फळ्यांसाठी, तुम्हीच कळवलेल्या भावाने, ३,६००चा दुसरा प्लाय. शिवाय ब्लेड प्रत्येक कापाला तीनेक मिलिमीटर खातं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. माझ्या घरी शूजचा एक रॅक आहे, त्याची खालची फळी बाकीच्यांपेक्षा नऊ मिलिमीटर आखूड आहे.

यादीत ब्लेड, स्क्रू, फेविकॉल, सँडपेपर, पॉलिश, टेंपो, हमाली यांतलं काहीच नाही. एखादा प्लाय चुकीचा कापला जाणार, तोही नाही. सगळं मिळून बारा-पंधरा हजार धरा. वाचले अठ्ठावीस-तीस हजार, तेही सगळं पहिल्या फटक्यात जमलं तर. आणि मधेच उत्साह मावळला तर मशीन विकायला काढून निम्मी किंमत आली तरी नशीब समजा. हप्ते ‘नो कॉस्ट’, म्हणजे बिनव्याजी म्हणवणारे, असले तरी बँकेचं प्रोसेसिंग शुल्क आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी बहुधा तुमच्याच खिशातून जातो.

पण माझा खरा आक्षेप बचत खात्याला हात लावण्यावर आहे. १,४०,०००तून ७८,००० काढले की ६२,००० उरतात. मशीनचा ५,३०० रुपयांचा हप्ता धरला तर महिन्याचा खर्च ६३,०००च्या पुढे. उद्या नोकरीत काही झालं तर महिनाभरही निघणार नाही, आणि घरात अर्धवट रंधलेला साग.

छंद म्हणून सुतारकाम शिका, जरूर शिका. त्याला बचत म्हणू नका.

कपाटापासून सुरुवात करा, आणि रुंदी तीनऐवजी दोन फूट ठेवा. मग ब्लेडची जाडी धरूनही एकाच प्लायमधून बाजू आणि फळ्या निघतात, वर दोन-तीन तुकडे चुकायला उरतात. पुस्तकांच्या वजनाने १८ एमएमची तीन फुटी फळी हळूहळू मधून बसते, तेही टळतं. कापायला टेबल सॉ घेऊ नका. बरेच प्लायवाले थोड्या पैशांत मापात कापून देतात, आणि नवशिक्याची बोटंही शाबूत राहतात. ड्रिल, चार क्लॅम्प, गुण्या (काटकोन तपासायला), छोटा सँडर एवढं आठ-नऊ हजारांत येतं. प्लाय आणि पॉलिश धरून तुमच्या महिन्याच्या शिल्लक १४,०००त कपाट बसतं, कर्ज नको. जमलं तर टेबल करा. टीव्ही सध्या भिंतीवर टांगा.

पलंग मात्र सुतारालाच द्या. साग घनफुटावर मिळतो: सहा फूट लांब, सहा इंच रुंद, इंचभर जाड फळी म्हणजे पाव घनफूट. पैसे पूर्ण इंचाचे जातात, रंधा मारून हातात राहतो पाऊण इंच. त्यातून ओलसर लाकूड गळ्यात पडलं तर सुकताना पीळ खातं, आणि ते वखारीत उभं राहून ओळखायला नजर लागते. सुताराकडून माल आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, आणि आगाऊ रक्कम लाकूड दारात आल्यावर द्या.

एक महिना कपाटाचा. मग अडीच महिने शिल्लक बचत खात्यात टाकून ती १,७४,०००वर, म्हणजे तीन महिन्यांच्या खर्चावर न्या. पुढचे पाच-सव्वापाच महिने पलंगासाठी. नऊएक महिने होतात. टेबल केलंत तर दहा. बायकोला सांगा, मुलगा तिसरीत असेल.