गाठीत ऑक्सिजन कमी असल्यामुळे रेडिएशन लागू पडत नाही असं वाचलं. वडिलांना घरी सिलिंडर लावला तर फायदा होईल का?

तुमच्या वडिलांना जिभेचा कॅन्सर आहे, पुढच्या आठवड्यात रेडिएशन सुरू होतंय आणि सिलिंडर भाड्याने आणायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी रेडिएशन विभागात फिजिसिस्ट आहे, डॉक्टर नाही, हे लक्षात ठेवून वाचा. सिलिंडरवर पैसे घालवू नका. तुम्ही वाचलंत ते मात्र खोटं नाही, अर्धवट आहे.

किरणांमुळे पेशीच्या डीएनएला इजा होते. त्या क्षणी तिथे ऑक्सिजन असेल तर ती इजा पक्की होते, नसेल तर बरीचशी भरून निघते. ऑक्सिजन जवळपास नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. १९५५ साली इंग्लंडमध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे काप तपासले, तेव्हा रक्तवाहिनीपासून साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटरच्या पलीकडे पेशी मेलेल्या दिसल्या. ऑक्सिजन पोचतो तो तेवढाच. मेलेल्या भागाच्या अलीकडे, अर्धपोटी जगणाऱ्या पेशींचा एक थर असतो आणि तोच त्रासदायक. (फाइलवर डोस ‘ग्रे’मध्ये लिहिलेला असेल, ते नाव याच ग्रेचं.)

आता राहिलेला अर्धा भाग. गाठीतला ऑक्सिजन नुसता कमी नसतो, तो सारखा वरखाली होत असतो. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईने, वेड्यावाकड्या वाढलेल्या असतात. कुठली तरी काही मिनिटं तुंबते, पुन्हा उघडते, कुठे हा फेरा तासांचा असतो. ज्या गावात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, तिथे लोक पिंपं भरून ठेवायला शिकतात. पेशींचंही तसंच होतं. ऑक्सिजन असताना एचआयएफ नावाचं प्रथिन तयार होता होताच मोडलं जातं. ऑक्सिजन गेला की ते साठतं आणि नव्या रक्तवाहिन्या, बिनऑक्सिजनची ऊर्जा, औषध पेशीबाहेर फेकणारे पंप अशी कितीतरी जनुकं चालू करतं. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. ऑक्सिजन परत आल्यावर सगळं पूर्ववत व्हायला हवं, पण त्या झटक्यात तयार होणारे घातक रेणू एचआयएफला आणखी चालना देतात. प्रयोगशाळेत असे चढउतार सोसलेल्या पेशी, आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशीसुद्धा, किरणांना जास्त दाद देत नाहीत असं दिसलंय. केमोचं आणखी एक दुखणं: रक्त पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही, आणि उपाशी पेशी विभाजन थांबवून बसलेल्या असतात, त्यामुळे वाढत्या पेशींवर मारा करणारी औषधं त्यांना चुकतात.

या चढउताराचा थोडा फायदाही होतो. आज उपाशी असलेल्या पेशीला उद्या ऑक्सिजन मिळालेला असतो, डोस एकदम न देता सहा-सात आठवडे रोज थोडा थोडा देतात, त्याचं हे एक कारण. एकही सिटिंग चुकवू नका, हे आम्ही सारखं सांगतो त्याचं हेही एक कारण.

सिलिंडरचं म्हणाल तर, फुप्फुसं ठीक असतील तर रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या हवेतच जवळजवळ भरलेलं असतं. अडतं ते पुढे, गाठीच्या दारात. रुग्णाला जादा दाबाच्या कक्षेत ठेवून रेडिएशन द्यायचे प्रयोग गेल्या शतकात झाले. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये (जिभेचा त्यातच मोडतो) थोडा फायदा दिसला, पण दुष्परिणाम आणि खटाटोप फार, म्हणून ते मागे पडले. डेन्मार्कमध्ये याच कॅन्सरसाठी निमोराझोल नावाची गोळी रेडिएशनबरोबर देतात. ती ऑक्सिजनचं काम काही अंशी करते. ऑक्सिजन कमी असलेल्या पेशींनाच मारणाऱ्या टिरापाझामीन या औषधाकडून मोठ्या अपेक्षा होत्या, मोठ्या चाचणीत ते नापास झालं. ज्यांच्या गाठीत ऑक्सिजन खरोखर कमी आहे असे रुग्ण आधी निवडलेच नव्हते, हे त्यामागचं मोठं कारण, असं माझं मत.

घरच्या घरी करता येण्याजोगी गोष्ट तुमच्या प्रश्नातच आहे: ‘बाबा अजून दिवसाला दोन-तीन बिड्या ओढतात.’ त्या आजच बंद करा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, आणि रेडिएशन चालू असताना धूम्रपान करणाऱ्यांमध्ये उपचाराचं यश कमी दिसतं.

हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांशी बोला, पण कुणाच्या सांगण्यावरून रक्तवाढीची इंजेक्शनं घेऊ नका. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशनबरोबर एरिथ्रोपोएटिन हे असंच रक्तवाढीचं इंजेक्शन दिलं होतं. हिमोग्लोबिन छान वाढलं, आणि कॅन्सर आटोक्यात राहण्याचं प्रमाण उलट घटलं.