ईपीएच्या ग्रंथालयात आपल्याला काय मिळतं?

प्रश्न : ताई, उसाचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या बॉयलरची काजळी आमच्या गच्चीवर पडते. वाळत घातलेले कपडे, पापड, सगळ्यावर काळे कण. मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि यंदा मुलांना याच विषयावर प्रकल्प द्यायचं म्हणतोय. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेचं मोठं ग्रंथालय आहे असं ऐकलं. आपल्यासारख्यांना तिथून काही मिळतं का? पैसे पडतात का? – एक शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : सर, मिळतं. आणि घरबसल्या फुकट मिळतं.

त्या संस्थेला सगळे ईपीए म्हणतात. तिची स्थापना डिसेंबर १९७० ची, आणि ग्रंथालयांचं जाळं १९७१ पासूनचं. बॉस्टनपासून सिॲटलपर्यंतच्या विभागीय कचेऱ्या, सिनसिनाटी आणि नॉर्थ कॅरोलिनातलं रिसर्च ट्रँगल पार्क इथली संशोधन केंद्रं, अशा ठिकाणी ही ग्रंथालयं आहेत. तिथून जवळच्या चॅपल हिलच्या विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकत असताना मी रिसर्च ट्रँगल पार्कच्या ग्रंथालयात उमेदवारी केली. हवा प्रदूषणाचं काम प्रामुख्याने तिथेच चालतं, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून मला थेट तिथली कपाटं आठवली.

सेवा दोन तऱ्हेच्या असतात. संशोधन-पत्रिकांची वर्गणी, एखाद्या विषयावरचं सगळं लिखाण शोधून देणं, बाहेरच्या ग्रंथालयांतून पुस्तकं मागवणं, हे संस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी. पण ईपीएने स्वतः छापलेलं जे काही आहे ते सगळ्यांसाठी खुलं आहे. ‘नेपिस’ नावाच्या त्यांच्या संकेतस्थळावर असे ७०,००० हून अधिक दस्तऐवज आहेत. नाव नोंदवावं लागत नाही, कुठल्या देशातून आलात हे कुणी विचारत नाही.

तुम्हाला हवा तो कागद मी सांगते. ‘एपी-४२’ नावाचा एक ग्रंथ आहे. कोणत्या उद्योगाच्या धुराड्यातून किती प्रदूषण बाहेर पडतं याचे सरासरी आकडे त्यात आहेत. पहिली आवृत्ती १९६८ ची, म्हणजे ईपीए जन्मायच्या आधीची. हा मात्र ईपीएच्या मुख्य संकेतस्थळावर प्रकरणवार मिळतो. त्याचं प्रकरण १.८ फक्त साखर कारखान्यांत जळणाऱ्या बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर आहे. मोजमापं तिकडच्या कारखान्यांतली, पण चिपाड आपल्यासारखंच, निम्मं पाण्याने भिजलेलं.

त्यातला धूलिकणांचा तक्ता मुलांसमोर उघडा. धुराड्याला काहीच बसवलेलं नसेल तर जळलेल्या टनभर बगॅसमागे १५.६ पौंड धूळ. यांत्रिक धूळ-संकलक असेल तर ८.४. पाण्याचा फवारा मारणारा वेट स्क्रबर असेल तर १.४. तिथला टन २,००० पौंडांचा, म्हणून आकडा निम्मा केला की आपल्या टनाला किती किलो ते निघतं : ७.८, ४.२ आणि ०.७. आता दिवसाला ५०० टन बगॅस जाळणारा बॉयलर धरा. काहीच नसेल तर ३,९०० किलो धूळ, स्क्रबर नीट चालत असेल तर ३५० किलो. हा गुणाकार मुलांनी फळ्यावर स्वतः करावा, कारण गच्चीवरची काजळी ही कारखान्याबरोबर येणारी अटळ गोष्ट नाही हे त्यातून कळतं. धुराड्याआधी काय बसवलंय आणि ते चालू आहे का, यावर ती ठरते.

प्रत्येक आकड्यापुढे ए ते ई असं एक अक्षर असतं. ए म्हणजे भरवशाचा, ई म्हणजे कच्चा. ते वाचल्याशिवाय आकडा उचलू नका. आणि हे सरासरीचे आकडे आहेत, तुमच्या गावच्या कारखान्यावर ते पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत. त्यासाठी त्याच धुराड्याची मोजणी लागते. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी साखर कारखान्यांना धुराच्या घनमीटरला १५० मिलिग्रॅम धूलिकणांची मर्यादा घातली आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असलेल्या मोजणीच्या नोंदी माहिती अधिकारात मागता येतात. तो अर्ज मुलांनीच लिहावा, तुम्ही फक्त सही करा.

ग्रंथपालांना ईमेलने प्रश्नही विचारता येतो, परदेशातूनसुद्धा. पण ‘साखर कारखान्याच्या प्रदूषणाची माहिती पाठवा’ असं लिहिलंत तर तेही बिचारे काय पाठवणार? बगॅसचा बॉयलर, ओलावा सुमारे ५० टक्के, वेट स्क्रबर, धूलिकण, १९९० नंतरचे अहवाल, आधी काय पाहून झालंय आणि हे सगळं कशासाठी हवंय, एवढं चार ओळींत लिहा. असं पत्र आलं की ग्रंथपाल हातातलं काम ठेवून शोधायला उठतो. हे मी जवळून पाहिलंय.

प्रश्न : पीएच.डी.साठी एका जुन्या अहवालाचा संदर्भ हवा आहे. शोधनिबंधात फक्त ‘ईपीए-६००/४-७९-०२०’ एवढंच छापलंय. एका साइटवर त्याचे डॉलरमध्ये पैसे मागताहेत. भरू का? – एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : अजिबात भरू नकोस. हा क्रमांक म्हणजे अहवालाचा पूर्ण पत्ता आहे. ६०० म्हणजे ईपीएचा संशोधन विभाग, ४ म्हणजे पर्यावरण मापनाची मालिका, ७९ हे साल, ०२० हा त्या वर्षातला अनुक्रम. पाणी आणि सांडपाण्याच्या रासायनिक तपासणीच्या पद्धतींचा हा सिनसिनाटीचा प्रसिद्ध ग्रंथ, मार्च १९८३ मध्ये सुधारलेला. तू कुठली आवृत्ती वापरलीस ते प्रबंधात लिही, नाहीतर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येईल.

नेपिसवर हा क्रमांक रेघा आणि तिरक्या रेषा काढून, सगळे आकडे सलग टाकून शोध. सापडला नाही तर शीर्षकातले तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत टाक. तिथे वर्षांच्या गटांचे चौकोन आहेत, अगदी ‘१९७६ पूर्वीचे’ असाही एक. ज्या काळाचा अहवाल हवा त्या चौकोनात खूण हवी, नाहीतर असलेला अहवालही ‘नाही’ दिसतो. जुनी टंकलिखित पानं स्कॅन केलेली असल्याने यंत्र अक्षरं चुकीची वाचतं. म्हणून एक शब्द लागला नाही तर दुसरा टाकून बघ.

काही अहवालांवर ‘पीबी’ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो तिथल्या राष्ट्रीय तांत्रिक माहिती सेवेचा. तोही टिपून ठेव. एका क्रमांकाने हुकलेला अहवाल दुसऱ्याने हमखास हाती लागतो. आम्ही तर मायक्रोफिशचे खण त्याच क्रमांकाने लावायचो. तळहाताएवढी फिल्म, तिच्यावर ९८ पानं, आणि वाचायला दिव्याचं यंत्र.

प्रश्न : सगळं नेटवर आलंय म्हणता, मग इमारत, कपाटं, ग्रंथपाल हा खर्च सरकारने का करावा? – एक निवृत्त अभियंता, नाशिक

उत्तर : नेमका हाच विचार करून ईपीएने २००६ मध्ये शिकागो, डॅलस आणि कॅन्सस सिटीची ग्रंथालयं बंद केली. वॉशिंग्टनच्या मुख्यालयातलं ग्रंथालयही बाहेरच्यांसाठी बंद झालं. सगळं डिजिटल करू, वीस लाख डॉलर वाचतील, असं गणित होतं. ईपीएच्याच शास्त्रज्ञांच्या संघटनांनी विरोध केला, देशभरच्या ग्रंथपालांनी केला. संसदेच्या लेखापरीक्षण कचेरीने २००८ मध्ये ताशेरे ओढले की बंद करण्याआधी खर्च-फायद्याचा हिशेब नीट मांडलाच नव्हता. अखेर संसदेने पैसे देऊन ती उघडायला लावली आणि सप्टेंबर २००८ अखेर ती पुन्हा सुरू झाली.

माझं मत स्पष्ट आहे. स्कॅन कुठला आधी करायचा, तुटलेल्या नकाशाचं पान कुठे जोडायचं, दोन आवृत्त्यांतली खरी कुठली, हे माणूस ठरवतो. खटला उभा राहतो तेव्हा वीस वर्षांपूर्वीचं मोजमाप मागितलं जातं, आणि ते सांभाळणारं कुणी नसेल तर प्रदूषण करणारा सुटतो. जुलै २०२५ मध्ये ईपीएने आपला संशोधन विभागच मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं. वर सांगितलेले ६०० क्रमांकाचे अहवाल त्याच विभागाचे. तेव्हा ज्यांना जे लागतं ते आजच उतरवून आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा. अमेरिकी सरकारी कर्मचाऱ्यांनी लिहिलेल्या अहवालांवर तिथे स्वामित्व हक्क नसतो. नावानिशी श्रेय देऊन त्यांतलं एखादं प्रकरण कुणी मराठीत आणलं तर मी वाचून तपासून देईन.

आणि आपलं घरचंही विसरू नका. नागपूरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ पासून पाणी, सांडपाणी, हवा यांवर काम करते आहे. भारतातल्या नद्यांचं आणि शहरांचं काही हवं असेल तर पहिलं पत्र नागपूरला धाडा, अमेरिकेला नंतर.

प्रश्न : आम्ही कॅरीला राहतो, रिसर्च ट्रँगल पार्क जवळच. मुलीला शाळेच्या प्रकल्पासाठी ते ग्रंथालय बघायला नेता येईल का? – एक आई, नॉर्थ कॅरोलिना

उत्तर : तशीच गाडी काढून जाऊ नका. ती केंद्र सरकारची बंदिस्त वसाहत आहे, फाटकावर फोटोचं ओळखपत्र बघतात. आधी ग्रंथालयाला ईमेल करून बाहेरच्यांना सध्या कुठल्या दिवशी वेळ देतात ते विचारा आणि मुलीचा विषय त्याच पत्रात लिहा. बसून वाचता येतं, पण पुस्तक घरी देत नाहीत. घरी हवं असेल तर तुमच्या वेक काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन आंतरग्रंथालय देवघेवीचा अर्ज करा. ईपीएची ग्रंथालयं दुसऱ्या ग्रंथालयांना पुस्तकं उसनी देतात. अर्ज मुलीच्या हातून भरून घ्या आणि अहवालाचा क्रमांक त्यावर आठवणीने लिहायला सांगा.