ॲरिझोनात अंगणातलं ब्रिटलबुशचं झुडूप जूनमध्ये पूर्ण वाळलंय. उपटून टाकू की पाणी वाढवू?

दोन्ही नको. फांदी नखाने खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

सोनोरन वाळवंटात जूनमध्ये हे झुडूप असंच दिसतं. ओल असताना येणारी पानं मोठी, हिरवट असतात; जमीन सुकत गेली की नवी पानं लहान आणि पांढरट येतात. पान डोळ्याजवळ धरलं तर दाट पांढरी लव दिसते. ती ऊन परतवते, पान कमी तापतं, पाणी कमी उडतं. तेवढ्याने भागलं नाही की झाड पानंच गाळतं.

हे मी आमच्या मोठ्या दिरांना घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. ॲरिझोनातल्याच चँडलर शहरात आमच्या दारात मांडीएवढं उंच, डेरेदार ब्रिटलबुश होतं. मार्चमध्ये लांब दांड्यांवर पिवळी फुलं इतकी यायची की खालची राखाडी पानं झाकून जायची. उन्हाळ्यात आम्ही भारतात गेलो आणि दीर घरी राहिले. त्यांनी ठिबकची नळी थेट बुंध्याशी आणून रोज पाणी सोडलं. आम्ही परतलो तेव्हा लांबलचक, लिबलिबीत फांद्या जमिनीवर लोळत होत्या. थोड्याच दिवसांत झाड गेलं. ओढलं तर बुंधा सहज हातात आला, मुळं काळी पडलेली. तरी आजही घरात विषय निघाला की त्यांचं एकच, ‘उन्हाने गेलं.’

उन्हाने गेलेलं नाही. जवळच्याच साउथ माउंटन डोंगराच्या उतारावर हीच झुडपं त्याच उन्हात उभी असतात, तिथे नळी कोण नेतं? आणि हे म्हणणारा माणूस सांगोल्याला डाळिंब पिकवलेला! बहार धरायला पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ होऊ द्यायची, हे त्यांनी स्वतः केलंय. इथे तोच ताण निसर्ग देतो.

पावसाळी सरी आल्या की पालवी फुटेल. छाटणी फुलं संपल्यावर करा, पण हातमोजे घालून. खोडातून चिकट राळ सुटते. स्पॅनिश मिशनरी ती चर्चमध्ये धूप म्हणून जाळत.

हां, झाड याच वर्षी लावलेलं असेल तर पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून खोलवर पाणी द्यावंच लागतं. फांद्या आतूनही कोरड्याठक्क असतील तर मात्र काढा. पण जुन्या, मुरलेल्या झाडाला घरातलं कुणी रोज पाणी घालू लागलं तर तिथेच थांबवा, ते वयाने कितीही मोठे असोत.